माकडाचा पहिला रमजान

‘क्युरियस जॉर्ज’ हे खोडकर माकड ठाऊक नाही, असे मूल अमेरिकेत विरळाच. २०१६ मध्ये एका पुस्तकात हेच माकड चक्क इफ्तारला जाऊन बसले! छोट्या करीमचा पहिला रोजा. जॉर्ज त्याची सोबत करतो, गरजूंसाठी टोपल्या भरतो, चाँद शोधतो.

लेखिका हेना खान. मेरीलँडमध्ये वाढलेल्या, आईवडील पाकिस्तानातून आलेले. लहानपणी पुस्तके भरपूर वाचली, पण त्यांत आपल्या घरासारखे घर कधी सापडले नाही. मग २००८ मध्ये त्यांनीच सात वर्षांच्या यास्मिनचा रमजान लिहिला, ‘नाईट ऑफ द मून’. यास्मिनची मात्र ओळख करून घ्यावी लागते. जॉर्ज घरोघरी आधीच होता, शेजारच्या ख्रिस्ती मुलाच्या उशाशीसुद्धा.

आणि जॉर्ज मूळचा कोणाचा? रे या ज्यू दांपत्याचा. १९४० मध्ये नाझी फौजा पॅरिसजवळ आल्या, तेव्हा त्याचे हस्तलिखित घेऊन दोघे सायकलींवरून निसटले होते.

आपल्याकडे पहिल्या रोज्याला मुलाच्या गळ्यात हार पडतो. यंदा टोपलीही त्यालाच भरू द्या. खजूर, शेवया, थोडी साखर. शेजारी नेऊन द्यायलाही तोच जाऊ दे.