खेळ रंगात आला की संगणक मान का टाकतो?

पूर्वी घरातला रेडिओ बिघडला म्हणजे त्याच्या पाठीवर एक थाप मारण्याची पद्धत होती. गंमत अशी, की पुष्कळदा त्या थापेने तो बोलूही लागे. सैल झालेला व्हॉल्व्ह जागेवर बसे आणि थाप मारणाराची घरात इभ्रत वाढे. संगणकाला या उपचाराचा काडीइतका उपयोग नाही. त्यातून तो मुलाने हट्टाने घेतलेला 'गेमिंग' संगणक असला, काचेच्या कॅबिनेटात रंगीबेरंगी दिवे नाचवणारा, तर वडीलमाणसांना त्याच्या अंगाला हात लावण्याचाही धीर होत नाही. आणि नेमका हाच संगणक कधीकधी असा आजार काढतो, की घरातल्या साऱ्यांची मती गुंग व्हावी! हिशेब करा, पत्र लिहा, सिनेमा पाहा, दिवसभर तो सुतासारखा सरळ चालतो. पण खेळ रंगात आला, पडद्यावर धुमश्चक्री माजली, की दहाव्या-विसाव्या मिनिटाला खट्कन बंद! ना सूचना, ना निरोप.

मग घरात दोन पक्ष पडतात. वडील म्हणतात, 'पैसे पाण्यात गेले.' चिरंजीव म्हणतात, 'नवे ग्राफिक्स कार्ड आणावे लागणार.' दोघेही अंमळ घाईच करीत असतात. बंद पडणे म्हणजे मरणे नव्हे. भिंतीवरच्या पेटीतला फ्यूज उडतो तेव्हा घर वाचलेले असते. तसेच भाराखाली संगणक बंद होतो तेव्हा बहुधा त्याच्यातल्या, किंवा त्याच्या मागच्या, कुठल्यातरी पहारेकऱ्याने स्वतःहून दार लावून घेतलेले असते. तो पहारेकरी कोणता, एवढे ओळखले की निम्मे काम झाले. ते न ओळखता सुटे भाग बदलू लागणे म्हणजे घर विकून भाडे भरण्यासारखे आहे.

मुळात 'भार' म्हणजे काय ते पाहू. नुसता चालू असलेला असा संगणक साधारण ६० ते १०० वॅट वीज घेतो. म्हणजे आपल्या छताच्या एकदोन पंख्यांइतकी. खेळ सुरू झाला की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही अंगे एकदम कामाला लागतात आणि हाच आकडा ४०० ते ५०० वॅटपर्यंत चढतो. एवढी वीज आत शिरते म्हणजे तेवढीच उष्णता बाहेर पडावी लागते. म्हणून या रोगाची कारणे शोधायची ती दोन वाटांनी: एक उष्णतेची, दुसरी विजेची.

उष्णतेची वाट आपल्या बुलढाणा जिल्ह्यात विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्याकडे 'घाटावर' आणि 'घाटाखाली' हे दोन मुलूखच वेगळे. बुलढाण्याला उन्हाळ्यात संध्याकाळी बरा वारा सुटतो; खाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जाऊन बसतो. संगणकाला थंड करणारा पंखा काही बर्फ तयार करीत नाही. तो खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली १० अंशांनी तापली म्हणजे आतला प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच अधिक तापतो. त्यामुळे घाटावर गुण्यागोविंदाने चालणारा संगणक घाटाखालच्या पत्र्याच्या खोलीत धापा टाकू लागला तर नवल नाही. त्यात खामगावसारख्या कापसाच्या गावी रुईचे तंतू हवेत उडतात. ते धुळीबरोबर हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसतात आणि वर्षभरात तिथे चांगली गोधडी तयार होते!

पण इथे एक खूण ध्यानात ठेवावी. प्रोसेसर तापला की तो लगेच प्राण सोडत नाही. पुष्कळशा इंटेल प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते आणि एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरांची ९५ अंश. त्या मर्यादेला पोहोचल्यावर तो आधी आपला वेग कमी करतो. चढावर बैलाने पाऊल आखडते घ्यावे तसे. पडद्यावरचे चित्र अडखळू लागते, पंखे भणाणतात. आणि एवढे करूनही ताप उतरला नाही तरच शेवटचा उपाय म्हणून यंत्र बंद होते. तेव्हा बंद पडण्याआधी खेळ रेंगाळत असेल, कॅबिनेटला हात लावून चटका बसत असेल, तर संशय उष्णतेवर घ्यावा. उलट खेळ ऐन भरात, चित्र स्वच्छ, आणि दिवा विझावा तसे सारे एका क्षणात काळे, तर वीज तपासावी.

ही दुसरी वाट कशी फसवते याचे एक उदाहरण खामगावातल्या एका परिचित घरातले आहे. घर शिक्षकाचे. मुलगा लग्नाच्या चित्रफिती जुळवून चार पैसे मिळवणारा आणि रात्री मित्रांबरोबर खेळणारा. संगणकासाठी वडिलांनी पतसंस्थेचे कर्ज काढलेले. दिवाळीनंतरच्या लग्नसराईत कामे तोंडावर आलेली आणि यंत्र रोज संध्याकाळी बंद पडू लागलेले! एकदा तर अर्धीअधिक जुळवलेली चित्रफीत गेली आणि रात्र जागून ती पुन्हा करावी लागली. दुरुस्ती करणाऱ्याने ग्राफिक्स कार्ड बदलायला सांगितले. त्या एका कार्डाची किंमत वडिलांच्या महिन्याच्या पगाराच्या निम्म्यावर जाणारी. विंडोजच्या नोंदवहीत पाहावे तर दर वेळी एकच ओळ: 'कर्नल-पॉवर ४१'. या ओळीने पुष्कळ लोक घाबरतात. तिचा अर्थ इतकाच, की संगणक रीतसर बंद न होता अचानक थांबला. का थांबला हे ती ओळ सांगत नाही. पंचनाम्यात 'इसम मृत आढळला' एवढेच लिहावे तसे.

मुलाने आधी धूळ काढली, ते योग्यच केले. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवला, हेही योग्य. नाहीतर तो भरधाव फिरून बिघडतो. वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. तापमान १५ अंशांनी उतरले, पण संध्याकाळचे बंद पडणे काही थांबेना. मग त्याने खरी शहाणपणाची गोष्ट केली: एका वेळी एकाच अंगावर भार टाकून पाहिला. सिनेबेंच चालवून नुसता प्रोसेसर दमवला; संगणक टिकला. फरमार्क चालवून नुसते ग्राफिक्स कार्ड दमवले, तेव्हाही टिकला. दोन्ही एकदम चालवले, तर सकाळी टिकला आणि संध्याकाळी साडेसातला बंद पडला! कार्डच खराब असते तर ते घड्याळ कशाला पाहते?

कोडे सोडवले ते आजीने. तिची खाट त्याच खोलीत. ती म्हणाली, "पोरा, तू गोया झाडाले लागला का थे खालची पेटी बोंबलते, अन् मंग सारंच बंद पडते." मुलाच्या कानावर सदोदित हेडफोन! टेबलाखालचा यूपीएस रोज आकांत करीत होता आणि तो ऐकणारी घरात एकटी आजीच होती.

त्या यूपीएसवर मोठ्या अक्षरांत '६०० व्हीए' असे लिहिले होते. लोक हा आकडा वॅटचा समजतात. मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत खरा आकडा असतो: ३६० वॅट. बाजारातल्या पुष्कळशा लहान यूपीएसांचा हिशेब असाच असतो. आता जोडून पाहा. ग्राफिक्स कार्ड २२० वॅट, प्रोसेसर १२० च्या आसपास, बाकीचे सामान ५०, शिवाय मॉनिटर ३०. बेरीज ४०० च्या पुढे गेली. दिवसा भिंतीतली वीज ठीक असे तोवर यूपीएस ती नुसती पुढे ढकली आणि कसेबसे निभावून नेई. संध्याकाळी गल्लीतल्या मोटारी सुरू झाल्या की दाब उतरे. यूपीएस बॅटरीवर जाई. आणि बॅटरीवर ३६० वॅटची लक्ष्मणरेषा ओलांडलेली दिसताच तो किंचाळून हात वर करी. दाब सावरला की आपोआप पुन्हा सुरू होई, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय गेला नाही. खरे तर आणखी एक पुरावा डोळ्यांसमोर होता: संगणकाबरोबर मॉनिटरचा दिवाही विझत होता. दोष संगणकाच्या पोटात असता, तर मॉनिटर जागा राहून 'सिग्नल नाही' असे म्हणाला असता.

खात्री करून घेणे सोपे होते. यूपीएस बाजूला ठेवून संगणक थेट भिंतीवरच्या चांगल्या सॉकेटात लावला आणि दोन्ही परीक्षा ऐन संध्याकाळी एकदम चालवल्या. तासभर ढिम्म हलला नाही.

प्रत्येक घरात यूपीएसच चोर निघेल असे मात्र नाही. थेट भिंतीवर लावूनही संगणक तसाच पटकन बंद होत असेल, मॉनिटर जागा राहत असेल, तर पुढचा संशयित म्हणजे एसएमपीएस. घरातली २३० व्होल्टची वीज १२ व्होल्टची करून देणारी ती लोखंडी पेटी. तिच्यावर किती वॅट लिहिले आहे एवढ्यावर जाऊ नये. नवी ग्राफिक्स कार्डे वीज संथपणे पीत नाहीत. मधूनच घोट घेतात, तोही मोठा. २०२० साली आलेल्या आरटीएक्स ३०८० कार्डाचा ठरलेला आकडा ३२० वॅट. पण क्षणार्धापुरते ते त्याहून कितीतरी अधिक ओढते, असे तेव्हा जगभरच्या हौशी मंडळींच्या ध्यानात आले आणि चांगले चांगले एसएमपीएस घाबरून दारे लावू लागले. अखेर २०२२ साली इंटेलने एटीएक्स ३.० हे नवे मान जाहीर केले. त्याप्रमाणे बनवलेल्या मोठ्या पेटीने एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता दुप्पट भारही सोसला पाहिजे. जुनी, स्वस्तातली, पाच-सात उन्हाळे पाहिलेली पेटी याला कुठून पुरी पडणार? तिच्याऐवजी ओळखीच्याकडून चांगली पेटी एका दिवसासाठी उसनी आणून लावून पाहावी. विकत घेण्याची घाई नको. कार्डाला दोन तोंडांची एकच वायर लावलेली असेल, तर दोन स्वतंत्र वायरी लावाव्या. एवढ्यानेही कधीकधी काम होते.

एसएमपीएस मात्र घरी उघडू नये. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरांत जीवघेणा विद्युत्भार शिल्लक राहतो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर खेळ, परीक्षा सारे थांबवून आधी वायरमनकडून अर्थिंग पाहून घ्यावे. घाटाखाली उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो. त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतण्याची जुनी चाल आपण नव्या बंगल्यांत विसरलो आहोत.

खामगावच्या त्या घरी कार्ड बदलावे लागले नाही. वॅटचा आकडा पाहून मोठा यूपीएस घेतला. त्याला खर्च आला, पण कार्डाच्या तुलनेत तो किरकोळच. तो येईपर्यंतचे पंधरा दिवस मुलाने कार्डाची वीज सॉफ्टवेअरमधून कमी करून ठेवली होती. चित्र किंचित मंद झाले, कामे वेळेवर गेली, कर्जाचा हप्ता चुकला नाही. जुना ३६० वॅटचा यूपीएस आता इंटरनेटच्या राउटरला लावला आहे. ते एवढेसे ओझे तो वीज गेल्यावरही बराच वेळ वाहतो आणि आजीचे मोबाइलवरचे कीर्तन मध्येच तुटत नाही.