रज्जुसर्पातला दोर कोणी वळला?

(औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मागच्या वेळी आपण भ्रम आणि ज्ञान यांविषयी बोलत होतो, आणि ओघात रज्जुसर्पाचा दृष्टान्त आला होता. अंधुक उजेडात वाटेवर दोर पडलेला असतो, तो आपल्याला साप वाटतो, अंगाला घाम फुटतो. कुणी दिवा आणला की साप नाहीसा होतो आणि दोर उरतो. गौडपादांच्या कारिकांत हा दृष्टान्त आहे, शंकराचार्यांच्या भाष्यांत तो येतो, ज्ञानेश्वरांनीही तो वापरला आहे. आम्ही स्वतः तीसेक वर्षं तो वर्गात शिकवला. दरवर्षी फळ्यावर तीच वेटोळी रेघ आणि शेजारी तोच कंदील.

त्या दिवशी व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका तरुणाने विचारलं, "सर, साप खोटा आणि दोर खरा, हे समजलं. पण तो दोर केला कुणी?" सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. इतकी वर्षं ज्याला आम्ही 'सत्य वस्तू' म्हणत आलो, ती कशी तयार होते आणि कोण तयार करतं, याबद्दल वर्गात एक वाक्यही कधी बोललो नव्हतो. तेव्हा आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आधी दोर कसा होतो ते पाहू. आपल्या मराठवाड्यात दोराचा मोठा आधार म्हणजे अंबाडी. भेंडी-जास्वंदीच्या कुळातली ही वनस्पती. तिच्या कोवळ्या पाल्याची आंबट भाजी आपण भाकरीबरोबर खातो, पण शेतकरी ती पावसाळ्याच्या सुरुवातीला ज्वारी-तुरीच्या ओळींत किंवा बांधाच्या कडेने लावायचा, तो दोराचाही विचार करून. झाड पुरुषभर उंचीच्या वर जातं. फुलोऱ्यावर आलं की कापायचं, पेंढ्या बांधायच्या आणि डबक्यात किंवा ओढ्याच्या साचल्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. दहा-पंधरा दिवसांत साल कुजते. कुजते म्हणजे काय होतं? सालीतले धागे ज्या चिकट द्रव्याने एकमेकांना धरून असतात, ते द्रव्य पाण्यातले जिवाणू खाऊन टाकतात, धागे मात्र शाबूत राहतात. दिवस कमी पडले तर साल सुटत नाही, जास्त झाले तर धागाच सडतो. तेव्हा नेमकं कधी काढायचं, हे बोटांनी साल चाचपून ठरवावं लागतं. त्या पाण्याचा वास ज्याने घेतला आहे तो जन्मात विसरणार नाही, आणि त्या वासात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून साल सोलायची असते. मग धुणं, आपटणं, वाळवणं. उरलेल्या काड्या चुलीला. दुसरा आधार घायपाताचा, ज्याला आपल्याकडे केकताडही म्हणतात. ही मूळची मेक्सिकोकडची, पण आपल्या बांधांवर अशी रुळली की परकी वाटत नाही. तिची काटेरी पानं कुजवून, ठेचून जो पांढरा धागा निघतो तो वाख.

आता खरी गंमत ऐका. अंबाडीचा धागा फार तर माणसाच्या उंचीचा किंवा त्याहून थोडा मोठा असतो, आणि विहिरीचा दोर कितीतरी हात लांब असतो. म्हणजे त्या दोरात एकही धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला नसतो. मग दोर तुटत का नाही? तर पिळामुळे. धागे पिळले की एकमेकांवर दाबले जातात, आणि दाबले गेले की सरकत नाहीत. दोरावर ओढ बसली की पीळ आणखी आवळतो. ज्या ओढीने तो तुटावा, तीच ओढ काही मर्यादेपर्यंत त्याला घट्ट करते. विटगेन्स्टाइन नावाच्या तत्त्वज्ञाने हीच गोष्ट 1953 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात सांगितली आहे. सुताचं बळ एखादा धागा अखंड जाण्यात नसून अनेक धागे एकमेकांवर चढत जाण्यात आहे, असा त्याचा मुद्दा. आम्ही तो वाचला तेव्हा थक्क झालो होतो. वास्तविक हे आम्हाला दहाव्या वर्षीच कळायला हवं होतं.

कारण आमच्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकाच्या सुरुवातीला, पैठणकडच्या आमच्या गावी एक वृद्ध गृहस्थ दोर वळत. गावाबाहेरच्या लिंबाखाली त्यांचा कारभार चाले. एका टोकाला मेख, दुसऱ्या टोकाला फिरवायची लाकडी आकडी, मध्ये ताणलेले तीन पेड. तिन्ही पेड आधी एका दिशेने पिळायचे. मग तीन खाचांचा लाकडी ठोकळा त्यांच्यात धरून मागे मागे सरकत ते एकमेकांवर उलट्या दिशेने वळवायचे. आम्ही हट्टाने एकदा हात घातला आणि सगळं एकाच दिशेने पिळत सुटलो. हात सोडला तशी दोराची गुंडाळी होऊन ती आमच्याच पायाशी पडली. ते म्हणाले, "मालक, एकाच अंगानं पिळत गेलं तर दोर व्हत न्हाई, गुत्ता व्हतो. पेडाचा पीळ एकीकडं, दोराचा दुसरीकडं. दोघं एकमेकाला उलगडू देत न्हाईत."

यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे यंत्रशास्त्र, आणि ते अगदी अचूक आहे. पेड ज्या दिशेने उलगडू पाहतो, त्याच दिशेने दोर आवळला जातो. दुसरी गोष्ट पहिल्या शब्दात आहे. ते साठीचे आणि आम्ही दहा वर्षांचे. पण ते आम्हाला 'मालक' म्हणायचे आणि आम्ही त्यांना नावाने, एकेरीत हाक मारायचो. तेव्हा हे आम्हाला खटकलं नाही. आज त्याच जागी आमची जीभ अडखळते.

महाराष्ट्रात दोर वळण्याचं काम परंपरेने मातंग समाजाकडे होतं. बलुतेदारीची व्यवस्था कशी चाले याचं वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या 1915 च्या पुस्तकात आहे. जिज्ञासूंनी ते वाचावं आणि लेखकाचा दृष्टिकोन तपासत वाचावं. व्यवस्था अशी की कुणब्याला वर्षभर लागतील ते दोर द्यायचे आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. दर दोराला दाम नाही. भाव करायला किंवा नाही म्हणायला जागा नाही.

आणि लागायचं काय काय? बैलाच्या नाकात वेसण, तोंडाला म्होरकी, हाकायला कासरा, गोठ्यात दावं, मानेखाली जुपणी. पिकात तोंड घालू नये म्हणून जाळीसारखं विणलेलं मुसकं. पाखरं हाकायला गोफण. घरात दूध-लोणी टांगायला शिंकं. पोळ्याला यातलं बरंचसं नवं यायचं. आणि सगळ्यांत मानाचं काम मोटेचं. मोटेला दोन दोर असतात. वरच्या चाकावरून जाणारा जाड नाडा सगळं वजन पेलतो, आणि खालच्या रुळावरून जाणारा बारीक सोंदूर मोटेचं तोंड सांभाळतो. बैल धावेवरून उतरले की भरलेली मोट वर येते आणि थारोळ्यात पाणी पडतं. भरल्या मोटेखाली नाडा तुटला तर बैल तोंडावर पडायचे, कधी माणूस जायबंदी व्हायचा. म्हणजे वळणाऱ्याच्या हातावर गावाने जीव टांगलेला होता.

आता यातली विसंगती बघा. नाडा विहिरीत उतरायचा, पण तो वळणाऱ्याला त्याच विहिरीवर चढायची मुभा नव्हती. शिंकं देवघराशेजारी लटकायचं, पण ते विणणारा उंबऱ्याबाहेर. त्याच्या हाताची वस्तू चालते आणि हात चालत नाही. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना व्याघात म्हणजे काय ते उदाहरणं देऊन शिकवायचो. इतकं धडधडीत उदाहरण घरच्या विहिरीवर होतं, ते कधी दिलं नाही. अंधारात दोर दिसला नाही तर दोष उजेडाचा. भर दुपारी माणूस दिसत नसेल तर त्याला काय म्हणायचं?

याच औरंगपुऱ्यात महात्मा फुल्यांचा पुतळा आहे. येता-जाता आपण नमस्कार करतो. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजातली मुलगी शिकत होती. तिचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, अशा अर्थाचा प्रश्न त्या मुलीने त्यात विचारला आहे. आम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. आमच्या मते हा एकोणिसाव्या शतकात मराठीत विचारल्या गेलेल्या मोठ्या तात्त्विक प्रश्नांपैकी एक आहे. ज्या समाजाने वळलेला दोर दृष्टान्तापुरता घेतला, त्या समाजातली एक मुलगी थेट प्रश्नच विचारत होती. आणि आमच्या अभ्यासक्रमात तो कधी आला नाही.

इथे कुणी म्हणेल, "सर, पण आता मोट गेली, बलुतं गेलं. ही कला तरी जपायला नको का?" हा प्रश्न चांगल्या मनाने विचारला जातो, पण तो घाईचा आहे. मोट पंपांनी घालवली. बाजारात निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर आला. तो स्वस्त आहे, पाण्याने कुजत नाही. पण उन्हात कडक होऊन त्याचे तुकडे पडतात, गाठ निसटते, आणि बैलाच्या मानेला तो काचतो. अंबाडीचा दोर भिजला की फुगतो, गाठ घट्ट धरतो, घाम टिपतो. हे गुण खरे आहेत. पण ते गुण ज्यांच्या हातात होते त्यांच्या नातवंडांनी पुन्हा त्या डबक्यात उतरावं, असं सांगण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला? ती मुलं शाळेत गेली, नोकरीत गेली, याचा आनंदच मानायला हवा.

एक दूरचं उदाहरण देतो. इंग्लंडमध्ये कालव्यांतून मालवाहू लांबोडक्या नावा चालत. नावेच्या नाकाला दोराचा एक जाड, गोल गोळा बांधलेला असे. नाव दरवाजाला किंवा काठाला धडकली तर धक्का त्या गोळ्याने सोसायचा. जुने, झिजलेले दोर आत भरायचे आणि वरून गाठींची विणकरी. नावेवरची कुटुंबं हे स्वतः करत. काठावरच्या लोकांनी त्यांनाही फारसं जवळ केलं नव्हतं. पुढे मालवाहतूक संपली, पण ती गाठींची विद्या राहिली. आज हौसेने नाव बाळगणारा कुणीही ती शिकतो, कारण शिकताना 'तू कुणाचा?' असं कुणी विचारत नाही. आपल्याकडे नेमकं हेच अवघड आहे. आपल्याकडे कसब आणि अपमान एकाच दोरात वळले गेले आहेत. एक पेड ठेवून दुसरा काढायचा, तर आधी सगळा दोर उलगडावा लागतो.

तो कसा उलगडायचा? आमच्या अल्प मतीप्रमाणे तीन गोष्टी कराव्यात. पहिली, हे ज्ञान होतं असं स्वच्छ शब्दांत मान्य करावं. साल कधी सुटते, पीळ किती द्यावा, हे पाठांतराने येत नाही. पण पाठांतराला आपण विद्या म्हटलं आणि याला हातकाम. दुसरी, ज्यांना अजून हे येतं त्यांच्याकडून शिकायचं असेल, तर त्यांना गुरू म्हणून मान आणि शिकवण्याचं मानधन देऊन शिकावं. त्यात कुठल्याही घरच्या मुलाने हात भिजवायला हरकत नसावी, आमच्या नातवानेही. आणि तिसरी, ज्यांना हे काम सोडायचं आहे त्यांना परंपरेच्या नावाने अडवू नये.

आपल्याकडे म्हण आहे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ती आपण हटवादी माणसाला लावतो. पण जळलेला दोर कधी पाहिला आहे का? राखेतही वळ जसेच्या तसे दिसतात. फुंकर मारली की मग कळतं की आत काही उरलेलं नाही. बलुतेदारी कायद्याने आणि काळाने जाळली. हाक मारण्याच्या पद्धतीत, भाड्याने घर देताना विचारल्या जाणाऱ्या आडनावात तो पीळ अजून दिसतो. फुंकर आपल्यालाच मारायची आहे.

लिंबाखालच्या त्या गृहस्थांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आम्ही त्यांना कधी 'अहो' म्हटलं नाही, आणि आता म्हणून त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. त्या तरुणाचा प्रश्न मात्र आमच्यापर्यंत वेळेत पोचला. पुढच्या वेळी रज्जुसर्प शिकवू तेव्हा फळ्यावर दोराआधी तीन पेड काढू, आणि ते कोणी वळले हे सांगितल्याशिवाय सापाकडे जाणार नाही.

आज इथेच थांबू.