स्थिर संकेतस्थळ : अल्प खर्चातील टिकाऊ नोंद

ग्रामसभेचे ठराव, शाळेचा वृत्तांत, पाणीपट्टीचे दर ही माहिती लोकांपुढे सदैव असावी लागते. त्यासाठी उभारलेल्या अनेक संकेतस्थळांवर, वाचकाने मागणी केली की सर्व्हर माहितीसाठ्यातून मजकूर काढून पान त्याच क्षणी तयार करतो. या यंत्रणेची देखभाल राहून गेल्यास घुसखोरीचा धोका वाढतो.

स्थिर संकेतस्थळाची पाने मात्र छापून ठेवलेल्या अंकाप्रमाणे आधीच तयार असतात. २००८ साली टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तयार केलेले ‘जेकिल’ व २०१३ साली आलेले ‘ह्यूगो’ ही त्यासाठीची विनामूल्य साधने होत. मजकूर ‘मार्कडाउन’च्या सोप्या खुणा वापरून साध्या फाइलीत लिहावा; आरंभी शीर्षक व दिनांक द्यावा. ठरलेल्या आराखड्यानुसार सर्व पाने व अनुक्रमणिका हे साधन तयार करते. ती सर्व्हरवर ठेवली की काम पूर्ण होते. अशी पाने हलकी ठेवल्यास मंद जोडणीवरही लवकर उघडतात.

अर्ज स्वीकारणे, कर भरून घेणे यांसाठी मात्र वेगळी सेवा जोडावी लागते. तसेच प्रत्येक दुरुस्तीनंतर पाने पुन्हा तयार करावी लागतात.

या पद्धतीचा मोठा लाभ म्हणजे मूळ मजकूर संस्थेच्याच ताब्यात राहतो. याहू कंपनीने २००९ साली अमेरिकेतील ‘जिओसिटीज’ सेवा बंद केली, तेव्हा तेथील असंख्य पाने नाहीशी झाली. मूळ प्रत जवळ असल्यास संकेतस्थळ अन्यत्र उभारता येते. म्हणून फाइलींच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि कामाची रीत किमान दोघांना अवगत असावी. म्हणजे कर्मचाऱ्याची बदली झाली तरी गावाची नोंद खंडित होणार नाही.