बॅटरीवांचून बोलणारा रेडिओ

घरच्या घरीं रेडिओ बनविण्याची हौस असलेल्यांचा परिपाठ बहुधा ठरलेला असतो. सुट्या भागांचा तयार संच विकत आणावा, सोबतच्या नकाशाप्रमाणें सांधे डागावे आणि आवाज निघाला कीं कृतार्थ व्हावें. यानें हाताला वळण लागतें, हें खरें; पण कोणता भाग कोठें आणि कां बसविला, याचा उलगडा होत नाहीं. तो ज्याला करून घ्यावयाचा असेल त्यानें क्रिस्टल सेटपासून आरंभ करावा. त्यांत मोजून चार-पांच भाग असतात. बॅटरी नाहीं, घरांतील विजेशीं संबंध नाहीं. आणि तरीहि त्यांतून माणसाचें बोलणें स्पष्ट ऐकूं येतें.

मग त्या आवाजाला लागणारी शक्ति येते कोठून? प्रक्षेपण केंद्राच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरींचा जो अत्यल्प अंश गच्चीवरील एरिअलला मिळतो, तेवढीच या यंत्राची सारी मिळकत. तींत वाढ करण्याचें साधनच जवळ नसल्यामुळें येथें प्रत्येक भाग काटकसरीच्या हिशेबानें निवडावा लागतो.

पहिला हिशेब केंद्र लावण्याचा. मध्यमलहरींचा पट्टा सुमारें ५३१ ते १६०२ किलोहर्ट्‌झचा आहे. म्हणजे वरचें टोंक खालच्याच्या तिप्पट. तारेचें वेटाळें तेंच ठेवून आवर्तनें तिप्पट करावयाचीं तर कंडेन्सरची धारिता नवव्या हिश्श्यावर आणावी लागते. जुन्या रेडिओंतून निघणारा हवेचा गँग कंडेन्सर साधारण ५० पासून ५०० पिकोफॅरडपर्यंत फिरतो, म्हणून तो नेमका पुरतो. त्याच्या जोडीला २०० मायक्रोहेन्‍रीचें वेटाळें हवें. तीन इंच व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर २२ नंबरच्या इनॅमल तारेचे ५० वेढे एकमेकांस लगटून दिले कीं तें सिद्ध होतें. एरिअल जोडल्यावर हे आंकडे थोडे सरकतात, कारण एरिअल हाच एक कंडेन्सर असतो. तेव्हां चार-दोन वेढे काढण्याची किंवा घालण्याची तयारी ठेवावी.

आतां शोधकाकडे वळूं या. केंद्राची लहर सेकंदाला लाखों वेळां पुढें-मागें होते. फोनच्या पडद्याला तिच्यामागें धांवतां येत नाहीं, आणि दोन्ही दिशांची ओढ सारखीच असल्यामुळें तो जागचा हलत नाहीं. प्रवाहाला एकाच दिशेनें जाऊं देणारा दरवाजा मध्यें बसविला कीं ही बरोबरी मोडते आणि आवाजाचा चढउतार तेवढा शिल्लक राहतो. हा दरवाजा म्हणजे पूर्वी गॅलिनाचा, शिसें व गंधक यांच्या संयुगाचा, खडा असे. त्यावर बारीक तारेचें टोंक टेकवून चांगली जागा शोधीत बसावें लागे. अशा शोधकाच्या अमेरिकन पेटंटसाठीं जगदीशचंद्र बोस यांचा अर्ज १९०१ सालीं झाला व १९०४ सालीं तें मंजूर झालें. आज त्या खड्याच्या जागीं डायोड मिळतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळ दुकानदार सिलिकॉनचा डायोड पुढें करील, पण तो घेऊं नये. अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब मिळेपर्यंत तो जवळजवळ बंदच असतो, आणि येथें तेवढा दाब क्वचितच येतो. जर्मेनियमचा १एन३४ पुष्कळ कमी दाबावर उघडतो.

खरी परीक्षा मात्र येथून पुढें. सेट जोडला, आवाज आला, पण एका केंद्राच्या गायनांत दुसऱ्याच्या बातम्या मिसळतात. असें कां? झोपाळ्याला वेळेवर हलके झोके दिले तर तो उंच जातो. पण बसणारानें पाय जमिनीला घासले तर कोणत्याहि तालाचे झोके त्याला सारखेच. एरिअल आणि फोन हे दोन्ही वेटाळ्याचे पाय असे घासतात. म्हणून वेटाळें गुंडाळतांनाच दर पांच वेढ्यांवर तारेची एक घडी बाहेर काढून ठेवावी. एरिअल वरच्या टोंकास न जोडतां जमिनीकडून दहाव्या वेढ्यावर जोडावी. डायोडहि मधल्या एखाद्या घडीवर आणून पाहावा. आवाज थोडा बारीक होतो, पण केंद्रें वेगळीं होतात. मोठा आवाज हवा कीं निवडक, हा निर्णय कोणत्याहि नकाशांत सांपडत नाहीं. तो आपल्या गच्चीवर, आपल्या कानानें करावा लागतो. क्रिस्टल सेटचें सारें शिक्षण या एका तडजोडींत आहे असें म्हटलें तरी चालेल.

फोन दोन हजार ओहमचा असावा. मोबाइलचे इअरफोन १६ किंवा ३२ ओहमचे; ते सरळ जोडल्यास सेट मुका होतो. स्फटिकी इअरफोन वापरल्यास त्याच्याशीं समांतर ४७ हजार ओहमचा रोधक जोडावा, नाहीं तर आवाज कोंडतो. पूर्वी नळाचा पाइप हाच जमिनीशीं संपर्क असे. आतां पाइप प्लॅस्टिकचे झाल्यानें ओलसर मातींत लोखंडी सळई ठोकावी. भिंतींतील प्लगला मात्र हात लावूं नये. एरिअल विजेच्या तारांपासून दूर बांधावी, आणि ढग गडगडूं लागण्यापूर्वीच ती सेटपासून सोडवून बाहेरच सळईशीं जोडावी.

२३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें केंद्र सुरू झालें तेव्हां त्याची शक्ति दीड किलोवॅट होती आणि सुमारें तीस मैलांचा टापू त्याच्या आटोक्यांत होता. पुढें केंद्रें शेंकडों किलोवॅटचीं झालीं, पण आतां ओघ उलटा आहे. जर्मनी व फ्रान्स येथील सार्वजनिक नभोवाणीनें २०१५ च्या अखेरीस मध्यमलहरींवरील प्रक्षेपण जवळजवळ गुंडाळलें, आणि एफ. एम्. केंद्रासाठीं हा सेट उपयोगी नाहीं. यास्तव तार विकत घेण्यापूर्वी साधा मध्यमलहरींचा रेडिओ घेऊन एका संध्याकाळीं गच्चीवर जावें, कोणतें केंद्र जोरानें येतें तें पाहावें आणि त्याचे किलोहर्ट्‌झ टिपून घ्यावे. वेढ्यांचा हिशेब त्या आंकड्यावरून सुरू करावा.