जुन्या मोटारीचें अडखळणारें इंजिन व बंद पडलेला पंखा

आपल्या वाशीम जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या दारीं ज्या जुन्या मोटारी दिसतात, त्यांत मारुती ८०० विशेष परिचयाची आहे. ही गाडी १९८३ सालीं निघाली व २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें. अर्थात् आज चालणारी प्रत्येक गाडी दहा वर्षांहून अधिक वयाची आहे. अशा गाड्यांविषयीं दोन तक्रारी नेहमीं ऐकूं येतात: गाडी उभी असतां इंजिन हिसके देतें, आणि आंतील हवेचा पंखा, म्हणजे ब्लोअर, फिरत नाहीं. दुसरी तक्रार किरकोळ वाटते. पण पावसाळ्यांत रात्रीं समोरची कांच आंतून धुरकटते, तेव्हां हाच पंखा ती स्वच्छ ठेवतो. समृद्धी महामार्गावर कांच धुरकटली तर जिवाशींच गांठ आहे.

महसुली कामांत आधीं पंचनामा होतो व मग हुकूम सुटतो. मोटारीसही तोच क्रम लावावा. पाहणी न करतां सुटे भाग बदलीत गेल्यास पैसा जातो आणि दोष तसाच राहतो.

प्रथम दोन्ही तक्रारींस समाईक असें कारण तपासावें, तें म्हणजे वीज. इंजिन बंद असतां चांगली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असतां हा आंकडा १४ च्या आसपास यावा. न आल्यास बॅटरी भरणारें यंत्र किंवा त्याचा पट्टा पाहावा. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर असेल तर आधीं ऋण बाजूची तार सोडून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें टोकें धुवावींत. गाडीच्या सांगाड्यास जोडलेली तार घट्ट आहे कीं नाहीं, हेंही पाहावें.

आतां इंजिन. या गाडीस तीनच सिलिंडर आहेत. सबब एक बंद पडला तर तृतीयांश बळ जातें व सारी गाडी थरथरते. इंजिन बंद करून एका प्लगची तार काढावी, तींत जुना प्लग बसवून त्याचा लोखंडी भाग इंजिनास पक्का बांधावा व इंजिन सुरू करावें. ठिणगी कार्बुरेटरपासून दूर असावी. चाल आणखी बिघडली तर तो सिलिंडर ठीक आहे. कांहींच फरक न पडला तर दोष तेथेंच आहे. इंजेक्शनच्या गाडींत प्लगच्या तारेऐवजीं इंजेक्टरची जोडणी काढावी. प्लगचें टोंक फिकट तपकिरी असणें बरें. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त वा हवा कमी, आणि ओलें तेलकट टोंक म्हणजे आंत तेल शिरत आहे.

तिन्ही सिलिंडर सारखे असून इंजिन वेगांत नीट चालतें व उभ्यानेंच अडखळतें, असें दिसल्यास हवेकडे वळावें. मंद चालींत इंजिन फारच थोडी हवा घेतें; म्हणून रबरी नळीची बारीक भेगसुद्धां तेव्हां जाणवते, वेगांत जाणवत नाहीं. संशयित जागीं थोडें पाणी शिंपडावें. आवाज बदलल्यास गळती तेथेंच समजावी. मळणीच्या दिवसांत हवेची जाळी भुशानें भरते, तीही पाहावी. कार्बुरेटरचा मंद चालीचा बारीक मार्ग कचऱ्यानें बुजतो. शिवाय आतां पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें ओलावा शोषतें व त्यासाठीं न बनविलेल्या जुन्या रबरास बाधतें. म्हणून महिनोन्महिने उभ्या गाडीच्या नळ्या अवश्य तपासाव्या.

पंख्याची परीक्षा याहून सोपी आहे. तो केवळ सर्वांत मोठ्या वेगावरच फिरत असेल तर रेझिस्टर गेला असें समजावें. कारण त्या वेगास वीज रेझिस्टरांतून न जातां थेट मोटारीस मिळते. मुळींच फिरत नसेल तर आधीं फ्यूज, मग बटण व तारा, शेवटीं मोटार, या क्रमानें पाहावें. बारा व्होल्टचा लहान दिवा मोटारीच्या जोडणीस लावावा: दिवा पेटला पण पंखा स्तब्ध, तर दोष मोटारींत. मोटारीवर हलकेंच ठोकल्यानें ती फिरूं लागली, तर तिचे कार्बन झिजले आहेत.

फ्यूज पुनःपुन्हां जळत असेल तर जाड फ्यूज किंवा तांब्याची तार कदापि घालूं नये; गाडी पेटण्याचा तो मार्ग होय. दोष बहुधा अडकलेल्या मोटारींत किंवा उंदरांनीं कुरतडलेल्या तारेंत सांपडतो. गाडी धान्याच्या कोठाराशेजारीं उभी राहत असल्यास पंख्याच्या घरांत उंदराचें घरटें आहे कीं काय, हें प्रथम पाहावें.

दोन गोष्टींची सावधगिरी ठेवावी. बंद कोठ्यांत इंजिन चालवूं नये, कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो व त्यानें माणूस दगावतो. तसेंच इंजिन चालू असतां धोतर, उपरणें किंवा साडीचा पदर पट्ट्याजवळ जाऊं देऊं नये.

वरील पाहणींत जें आढळेल तें वहींत टिपून मिस्त्रीस दाखवावें. कोणता सिलिंडर बंद आहे, पंखा कोणत्या वेगावर फिरतो व बॅटरीचा आंकडा काय, एवढ्या तीन ओळी हातीं असल्या म्हणजे काम लवकर उरकतें, आणि विनाकारण बदललेल्या भागांचा खर्च वांचतो.