सहीपूर्वी समजून घ्यावयाचे तीन शब्द

बँकेतील अनेक इंग्रजी शब्द आता घरोघरी मराठीसारखेच बोलले जातात. परंतु शब्द तोंडी असणे वेगळे आणि त्याचा अर्थ ठाऊक असणे वेगळे, हे आम्ही काउंटरच्या आत बसून रोज पाहतो. म्हणून तीन शब्दांचे अर्थ येथे देत आहोत.

क्रेडिट : मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'विश्वास ठेवणे'. पासबुकात क्रेडिट म्हणजे जमा, तर डेबिट म्हणजे नावे. मात्र क्रेडिट कार्डावरची रक्कम ही आपली जमा नव्हे. ती विश्वासावर मिळालेली उधारी आहे.

नॉमिनी : नामनिर्देशित व्यक्ती. खातेदाराच्या निधनानंतर बँक रक्कम तिच्या हाती देते. पण केवळ नॉमिनी म्हणून ती व्यक्ती मालक होत नाही. वारसांचा हक्क कायम राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे स्पष्ट केले आहे.

गॅरंटर : जामीनदार. 'नुसती सही हवी' असे सांगून कागद पुढे केला जातो. परंतु १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले की बँक थेट त्याच्याकडेही मागणी करू शकते.

विद्यार्थी मित्रांनो, घरातील वडीलधाऱ्यांचे फॉर्म बहुधा तुम्हीच भरता. तेव्हा भरण्याआधी प्रत्येक शब्द त्यांना मराठीत समजावून सांगा. अर्थ विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता केलेली सही मात्र मागे घेता येत नाही.