आप्त कोणाला म्हणावे? रेडिओवरचे रोखठोक बोलणे आणि वस्तुस्थिती

श्रोतेहो, रोखठोक बोलणारा माणूस आपल्याला आवडतो. रेडिओवर कोणी अधिकाऱ्याला, पुढाऱ्याला चार शब्द सुनावले की आपण म्हणतो, बरं झालं, कोणीतरी बोललं. प्रश्न त्यापुढचा आहे. तो जे बोलला ते खरे होते का, आणि नसेल तर त्याला विचारायचे कोणी?

आपल्याकडची स्थिती जरा विचित्र आहे. खाजगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवता येतात. वाहतूक, हवामान, परीक्षा, पाणी-वीज अशी स्थानिक माहिती मात्र चालते. म्हणजे बातमी बंद, गप्पा चालू. आता गंमत बघा, गप्पांतून जे सांगितले जाते तेही लोक बातमीसारखेच ऐकतात. उद्या एखाद्या निवेदकाने ठासून सांगितले की कुकडीचे आवर्तन पंधरा दिवस पुढे गेले, तर श्रीगोंद्याचा शेतकरी ते मत म्हणून ऐकेल का? तो उसाचा, लिंबाच्या बागेचा हिशेब बदलेल. कोणी लागवडच थांबवेल.

आपल्या न्यायदर्शनाने याचा विचार फार पूर्वी केला आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान यांच्यासोबत शब्द हेही प्रमाण मानले. पण कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का. वात्स्यायनाच्या भाष्यात आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट स्वतः नीट ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. यात मोठा आवाज, लोकप्रियता, धाडस यांचा उल्लेखच नाही. रोज सकाळी ऐकून ऐकून आपण निवेदकाला आप्त करून टाकतो आणि त्याला ते कळतही असते.

तरीही हिशेब मागायचा तो कशाचा, हे आधी ठरवावे लागते. जुलै २०१७ मध्ये रेड एफएमच्या मलिष्काने मुंबईतले खड्डे आणि पावसातली दैना यांवर विडंबनगीत केले. महापालिका चिडली. पाचशे कोटींच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची मागणी काही नगरसेवकांकडून झाली. तिच्या घरी तपासणी होऊन डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून नोटीस निघाली. अळ्या असतीलही, पण अळ्यांनी खड्ड्यांचे उत्तर मिळत नाही! विडंबनाला खोटे-खरे नसते; त्यामागे जो दावा असतो, रस्ते खराब आहेत हा, त्याला असते. तो तपासायचा तर रस्त्यावर जायला हवे होते. जबाबदारीच्या नावाखाली सूड घेतला जातो तो असा.

याच्या उलट बाजूचे, आणि आमच्या मते जास्त शिकवणारे उदाहरण १८८२ चे आहे. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतो आहे, असा ओरडा 'केसरी' आणि 'मराठा'ने केला. कारभारी बर्वे यांच्या नावाची काही पत्रे छापली. खटला झाला तेव्हा पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. पुढे काय झाले? तेच महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी आपल्या नगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यात असताना गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. म्हणजे त्या दोन तरुण संपादकांची कळकळ अनाठायी नव्हती. पण महाराजांच्या मृत्यूने ती बनावट पत्रे खरी ठरली नाहीत. कळकळीचे खाते वेगळे, पुराव्याचे वेगळे. आजचे रोखठोक बोलणारे ही दोन खाती सर्रास एकत्र करतात. "माझा हेतू चांगला आहे ना?" असे विचारतात. हेतू चांगला असेल, पण आकडा कुठून आणला ते सांगा.

मग विचारणारा कोण? सरकार म्हणावे, तर २०२३ मध्ये केंद्राने तेच करून पाहिले. सरकारी कामकाजाबद्दल इंटरनेटवर खोटे काय ते सरकारचाच तथ्य-तपासणी कक्ष ठरवणार होता. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर तो नियम रद्द झाला. ज्याच्यावर टीका, त्यानेच पंच व्हायचे, हे खेळातसुद्धा चालत नाही.

कोर्ट म्हणावे, तर कोर्टाला वेळ लागतो. अमेरिकेत ॲलेक्स जोन्स या रेडिओ-निवेदकाने सँडी हूक शाळेतला गोळीबार हे नाटक होते असे सांगितले. २०१२ च्या त्या गोळीबारात वीस मुले आणि सहा मोठी माणसे गेली होती. मुले गमावलेल्या आईबापांना त्याचे श्रोते खोटारडे म्हणत, धमक्या देत. कनेक्टिकटच्या ज्युरीने सुमारे साडेशहाण्णव कोटी डॉलरची भरपाई ठरवली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. मधली दहा वर्षे त्या घरांनी कशी काढली असतील!

म्हणून आम्हांला वाटते, पहिली जबाबदारी केंद्राची आणि निवेदकाची. सामुदायिक रेडिओला प्रसारित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावे लागते. 'मी असे म्हणालोच नव्हतो' याला तिथे जागा उरत नाही. दुसरे, दुरुस्ती. सकाळी आठला मोठ्या आवाजात सांगितलेली चूक रात्री अकराला पुटपुटून दुरुस्त होत नाही. त्याच कार्यक्रमात, त्याच वेळी, त्याच निवेदकाने सांगावे: काल अमुक म्हणालो, ते चूक होते, खरे अमुक आहे. त्यात सारवासारव नको, विनोदही नको. आणि श्रोत्यांनी पत्र लिहावे, फोन करावा, पण शिवी देऊ नये. तारीख, वेळ, वाक्य आणि आपल्याकडचा कागद एवढेच कळवावे. आवर्तनाचा प्रश्न असेल तर पाटबंधारे कार्यालयाच्या वेळापत्रकाची प्रत जोडावी.